घाटावरचे दोन शब्द

हुडकेश्वर, नागपूर
२ डिसेंबर २०२४

ती. शोभाताईंना नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून हे पत्र. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं मी आवक-जावक सांभाळली, म्हणजे जगाची पत्रं नोंदली. स्वतःच्या नावानं लिहायची वेळ आता आली. अक्षर वाईट असेल तर तुम्ही शिक्षिका होता हे विसरून वाचावं.

परवा एक गंमत झाली. गंमत म्हणावी की नाही ते तुम्ही ठरवा. ऑफिसातल्या जितेंद्रचे वडील, रामाजी, वारले. मी घाटावर पोचलो तोवर उशीर झाला होता. दोन चिता पेटल्या होत्या आणि दोन ठिकाणी शोकसभा चालू होत्या. मी जवळच्या गर्दीत जाऊन बसलो. जितेंद्र दिसला नाही, पण तो पुढे कुठेतरी असेल असं वाटलं. सभा चालवणारा माणूस म्हणाला, आणखी कोणाला दोन शब्द बोलायचे असतील तर बोला. कोणीच उठेना. सगळ्यांत पांढरे केस माझे आणि इस्त्रीचा सदराही माझाच, म्हणून लोक माझ्याकडे पाहू लागले.

मी उठलो. रामाजींना मी दोनदाच भेटलो होतो, पण माणूस मवाळ. मी म्हणालो की ते घरात कधी मोठ्या आवाजात बोलले नाहीत, बायकोला त्यांनी कधी दुखवलं नाही, असा माणूस आता होणे नाही. दोन मिनिटं बोललो. खाली बसलो तेव्हा दोन तरुण माणसं माझ्या पाया पडली. मग कळलं की ही सभा कोणा धोंडबांची. रामाजी पलीकडे जळत होते.

मी गुपचूप पलीकडे गेलो. पण खरं सांगतो ताई, घरी येताना मला बरं वाटत होतं. निवृत्तीला दोन वर्षं होत आली. सकाळी उठतो, पोहे खातो, पेपर वाचतो आणि अकरा वाजता दिवस संपतो. हर्षित आणि सूनबाई सोनिका आपापल्या नोकरीवर जातात. तुमची बहीण, कामिनी, असती तर निदान मधे मधे लुडबुडतो म्हणून ओरडली तरी असती. एप्रिलमध्ये तिला जाऊन तीन वर्षं होतील. आपण कशासाठी उरलो आहोत, हा प्रश्न मला रोज पडतो. परवा पहिल्यांदा पडला नाही.

गणपतरावांना नमस्कार सांगा.

मधुसूदन

*

रामटेक
११ डिसेंबर २०२४

श्री. मधुसूदनराव यांस,

पत्र मिळालं. अक्षर बरं आहे, मजकूर बरा नाही.

इकडे धान घरात आलं. गणपतरावांचे गुडघे दुखतात, तरी बांधावर जातात. मी जाऊ नका म्हणते, ते ऐकू न आल्यासारखं करतात. खरं बहिरेपण माझं आणि त्याचा फायदा त्यांना, असा आमचा संसार चालू आहे.

तुम्ही चुकीच्या मयतीत बसलात ते समजू शकते. उशिरा येणारी मुलं चुकीच्या वर्गातही बसायची. पण मेलेल्या माणसाचं नाव न विचारता त्याचा स्वभाव सांगितला, हे मला समजत नाही. ज्यांनी पाय धरले त्यांना तरी तो माणूस ओळखू आला का?

तुम्हाला घाटावर बोलता येतं, हे मला माहीत नव्हतं.

शोभा

*

हुडकेश्वर
२० जानेवारी २०२५

ती. शोभाताई,

मला बोलता येतं हे मलाही माहीत नव्हतं. तुमचं ते वाक्य मी सोनिकाला वाचून दाखवलं. तुम्ही सहसा कौतुक करत नाही.

डिसेंबरपासून मी नऊ ठिकाणी बोललो. घाटाजवळ मयतीचं सामान विकणारा नत्थू म्हणून एक जण आहे. कोणाकडे बोलणारं माणूस नसलं की तो मला फोन करतो. मी पंधरा मिनिटांत गाडीवर पोचतो. नाव, वय, नोकरी आणि मुलं किती एवढं विचारून घेतो. आता नाव विचारतो, काळजी नसावी. पैसे घेत नाही, चहाही घेत नाही. मात्र लोक हात धरतात, आणि तो हात धरल्याचं मला दिवसभर पुरतं.

हर्षितला हे पटत नाही. परवा जेवताना म्हणाला, "पप्पा, लोकं हसून राहिले. माझ्या ऑफिसात तुमाले घाटवाले बाबू म्हणते." मी म्हणालो, म्हणू दे. छत्तीस वर्षं नुसतं बाबू म्हणायचे, त्यात भर पडली.

माणूस कशासाठी जन्माला येतो याची पुस्तकं लोक विकत घेऊन वाचतात. मला ते घाटावर फुकट सापडलं. थोडं उशिरा सापडलं, पण सापडलं.

मधुसूदन

*

रामटेक
२९ जानेवारी २०२५

मधुसूदनराव,

नऊ जणांबद्दल काय बोललात ते लिहून पाठवा. मी अंदाज करते. मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख, कुटुंबवत्सल, कधीही भरून न निघणारी पोकळी. चुकलं असेल तर सांगा.

चौथीच्या पोरांना मी गाय या विषयावर निबंध द्यायची. चाळीस पोरं, चाळीस गायी, सगळ्यांना चार पाय आणि एक शेपूट. घरी ज्याची गाय लाथ मारायची तोही लिहायचा की गाय गरीब असते. त्याला मी विचारायची, तुझ्या पायाला काय झालं रे? तो म्हणायचा, गाईनं मारलं. मग ते लिही की, असं मी म्हणायची. पण कोणी लिहायचं नाही.

शोभा

*

हुडकेश्वर
१७ फेब्रुवारी २०२५

ती. शोभाताई,

तुमच्या पत्राचा राग आला होता, म्हणून उत्तर दिलं नाही. आता राग राहिला नाही. कारण सांगतो.

गेल्या मंगळवारी दुपारी फाटकाशी एक बाई उभी होती. साठीची, सडपातळ. नत्थूकडून पत्ता काढून दोन ऑटो बदलून आली होती. नाव जयवंता. धोंडबांची बायको. ते माझं पहिलं भाषण.

मला वाटलं आभार मानायला आली. मी आत बोलावलं, पाणी दिलं. ती पाणी न पिता म्हणाली, "तुमीच होते ना ते? माह्या मालकाचं भाषण केलं तुमी."

मी हो म्हणालो.

"मी घाटावर नव्हती. बाया कुठं येते घाटावर? पोरायनं सांगतलं. चाळीस वर्षं त्या माणसानं माह्या डोक्यावर भांडे आपटले. तुमी दोन मिनिटात पुसून टाकलं. आता पोरं म्हणते, बाबा देवमाणूस होता, साऱ्यायसमोर एक मोठा माणूस बोलून गेला. मंग मी काय इतके वर्षं खोटी रडत होती का?"

मी सांगितलं की माझी चूक झाली, मी दुसऱ्याबद्दल बोलत होतो. ती म्हणाली, ते ठीक आहे, चूक होते. "पण मले एकदा विचारलं असतं तं मी सांगतलं असतं."

तेव्हा मी विचारलं. दुसरं काय करणार होतो? ती दीड तास बोलली. मधे मी चहा केला, तो तिनं घेतला. फार वाईट गोष्टी होत्या, त्या लिहीत नाही. पण शेवटी ती म्हणाली की तिला कुत्र्यांची भीती वाटायची, आणि वस्तीत दार नसलेली खोली होती तेव्हा तो माणूस सहा वर्षं उंबऱ्याशी आडवा झोपला. दार बसवल्यावरही तिथेच झोपायचा. हे सांगताना तिचा आवाज बदलला नाही. म्हणाली, हेबी सांगा अन् तेबी सांगा, एकच नोका सांगू.

जाताना बरं वाटत असल्याचं म्हणाली. मला मात्र तेव्हापासून बरं वाटत नाही. दहा माणसांबद्दल मी बोललो आणि एकाच्याही घरातल्या बाईला काही विचारलं नाही. नत्थूला सांगून टाकलं की आता फोन करू नको. तुमच्या त्या गाईबद्दल तुम्ही बरोबर होता.

मधुसूदन

*

रामटेक
२५ फेब्रुवारी २०२५

मधुसूदनराव,

जयवंताबाई माझ्यापेक्षा धीट. ती तीन महिन्यांत आली. मला तीन वर्षं लागली.

माझी बहीण गेली तेव्हा मी तुमच्या हुडकेश्वरच्या घरी होते. तुम्ही सगळे पुरुष तिला घेऊन घाटावर गेलात. आम्ही बाया घरी राहिलो, अंगण धुतलं, पाणी तापवलं. तुम्ही परत आलात तेव्हा मी हर्षितला विचारलं की तिथे कोण काय बोललं. तो म्हणाला, ऑफिसातल्या युनियनचे कोणी साहेब बोलले, मावशी. कामिनीताई हसतमुख होत्या, आल्यागेल्याला हसून चहा द्यायच्या.

कामिनी हसतमुख नव्हती. लहानपणी हापशीचा दांडा लागून तिचा पुढचा दात तुटला होता, तेव्हापासून ती तोंड मिटूनच असायची. लग्नाच्या फोटोतही मिटलेलं आहे, काढून बघा. तुमच्यासोबत तेहतीस वर्षं राहिलेल्या बाईबद्दल कोणी परका माणूस ती हसायची म्हणाला, आणि तुम्ही तिथे उभे होता. मी त्या दिवशी तुम्हालाही विचारलं होतं की तुम्ही काय बोललात. तुम्ही अंगावर पाणी घेत राहिलात.

मला राग आला होता. अजून आहे. म्हणून तुमचं पहिलं पत्र वाचून मी दोन दिवस जेवले नाही. कोणा धोंडबासाठी तुम्हाला शब्द सुचले. मी जे लिहिलं ते कौतुक नव्हतं.

आता सरळ विचारते. कामिनीच्या वेळी तुम्ही गप्प का होता? उत्तर द्यायला वेळ लागला तरी चालेल, खोटं चालणार नाही.

शोभा

*

हुडकेश्वर
६ एप्रिल २०२५

ती. शोभाताई,

चाळीस दिवस लागले.

खरं उत्तर असं आहे की माझ्याजवळ बोलायला काही नव्हतं. दुःखानं शब्द फुटले नाहीत असं मी इतके दिवस स्वतःला सांगत आलो. तुमचं पत्र आल्यावर कागद घेऊन बसलो आणि कामिनीबद्दल जे माहीत आहे ते लिहायला घेतलं. चौदा गोष्टी झाल्या. पहाटे उठून डबा करायची. माझे सदरे स्वतः धुवायची. मला पित्त होतं म्हणून घरात मिरची कमी टाकायची. चौदाही गोष्टी तिनं माझ्यासाठी केलेल्या. तिला स्वतःला काय आवडायचं, कशाची भीती वाटायची, या रकान्यात काही नाही. दात तुटलेला मला माहीत होता, पण तो कसा तुटला हे तुमच्या पत्रात कळलं. मी कधी विचारलंच नव्हतं.

मला फार लाज वाटली. ती अजूनही वाटते.

मग मी विचारायला लागलो. आधी हर्षितला. त्यालाही डबाच आठवला. मग सोनिकाला. ती म्हणाली, "सांगू नको म्हणलं होतं मम्मीनं." लग्न होऊन सोनिका घरात आली त्याच वर्षी कामिनी तिच्या मोपेडवर गाडी चालवायला शिकली. दुपारी, मी ऑफिसात असताना, इथल्या लेआउटच्या रिकाम्या रस्त्यांवर. दोनदा पडली. कोपर सोललं तेव्हा मला सांगितलं की मोरीत घसरले. पुढे लायसन काढलं. आधी सक्करदऱ्याच्या तलावापर्यंत जायची, मग लांब. मला का सांगितलं नाही असं विचारलं तर सोनिका म्हणाली की कधीतरी तिनं विषय काढला होता आणि मी म्हणालो होतो, या वयात कुठे पडत बसतेस. मी असं बोललो असेन. मला आठवत नाही, पण माझंच वाक्य वाटतं.

ती लांब कुठे जायची हे सोनिकाला नक्की माहीत नाही. म्हणाली, रामटेकच्या मावशीला विचारा. म्हणून विचारतो आहे. तुमचा राग असू द्या, पण मला सांगा.

नत्थूकडे मी पुन्हा जाऊ लागलो आहे. आता आधी घरी जातो. पुरुष तिरडी बांधत असतात तेव्हा मी आत जाऊन बायांजवळ बसतो आणि विचारतो, माणूस कसा होता, आणि तुम्हाला काय सांगायचं आहे. काही जणी हाकलतात. काही बोलतात, आणि मी ते घाटावर त्यांच्याच शब्दांत सांगतो. मागल्या आठवड्यात एका म्हातारीनं सांगितलं, तो चिकट होता पण माझ्या आईच्या औषधाला कधी नाही म्हणाला नाही. मी तसंच सांगितलं. मुलगा आधी चिडला, मग रडला. हे काम मला करायचं आहे. पण कामिनीबद्दल माहीत नसताना ते करणं मला जड जातं.

मधुसूदन

*

रामटेक
१४ एप्रिल २०२५

मधुसूदनराव,

तुम्ही मला सगळ्यांत शेवटी विचारलं. पण विचारलं.

हो, ती इथे यायची. पहिल्यांदा आली तेव्हा मी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होते. फाटकातून कोणी हेल्मेट घातलेलं माणूस आत आलं, मी काठी उचलली. हेल्मेट काढल्यावर कामिनी. पन्नास किलोमीटर एकटी आली होती. एकूण सहा वेळा आली. तुम्ही साडेनऊला निघालात की ती दहाला निघायची. पाणी प्यायची, अर्धा तास बसायची, आणि तुमच्या चहाच्या आधी घरी. मला शपथ घातली होती. ती गेल्यावर शपथ सुटते की नाही मला कळेना, आणि तुम्ही विचारत नव्हता.

तिसऱ्या वेळी मी रागावले. म्हटलं, अर्ध्या तासासाठी ट्रकांच्या रस्त्यानं एवढ्या दूर कशाला येते वं, माझ्याशी बोलायचं असेल तर बसनं ये, मुक्कामाला राहा. ती म्हणाली, "मी तुह्याकडे येऊन नाही राहिली वं ताई. मी गाडी चालवून राहिली."

हे म्हणताना ती हसली. तोंड उघडून. मी ते लहानपणानंतर पहिल्यांदा पाहिलं. म्हणजे तुमचे युनियनवाले साहेब अगदीच खोटं बोलले असं नाही, फक्त त्यांनी ते पाहिलं नव्हतं.

तिला पुढे कुठे जायचं होतं हेही मी विचारलं होतं. पेंचच्या धरणापर्यंत, म्हणाली. पण मग पंधरा दिवसांच्या तापात सगळं संपलं.

२८ तारखेला तिचं श्राद्ध आहे. आम्ही दोघं येतो.

शोभा

*

रामटेक
५ मे २०२५

श्री. मधुसूदनराव यांस,

सुखरूप पोचलो. बसमध्ये जागा मिळाली.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर तुम्ही उभे राहिलात तेव्हा मी अगदी पुढे येऊन बसले, तुमच्या ओठांकडे पाहत. तुम्ही म्हणालात, कामिनीबरोबर मी तेहतीस वर्षं राहिलो आणि मला ती माहीत नव्हती, ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपा करून सांगावं. एवढंच बोलून खाली बसलात. हर्षित मान खाली घालून बसला होता. मला वाटलं, आता कोणी बोलणार नाही.

आधी सोनिका बोलली. मग समोरच्या घरची हिमानी उठली. ती तर अवघी तिशीची, तिला मी ओळखतही नव्हते. म्हणाली, मला गाडीची भीती वाटायची, काकूंनीच मला मागं बसवून धीर दिला. मग तुमच्या चुलतवहिनी, मग दूध घालणारी बाई. मला अर्ध्याहून जास्त ऐकू आलं नाही, पण तुम्हाला लिहून घेताना पाहत होते. एकदाही कोणाला मधे तोडलं नाही. शिक्षक म्हणून सांगते, हे सोपं नसतं. हर्षित शेवटी उठून तुमच्या बाजूला येऊन बसला, तेही पाहिलं.

माझा राग गेला का असं आम्ही निघताना तुम्ही विचारलं, त्याचं उत्तर आता देते. गेला. पूर्ण गेला म्हणणार नाही, पण आता तो आपल्या दोघांच्या मधे नाही.

दुसरी एक गोष्ट सांगायची आहे. परत येताना कामठी सोडली तेव्हा गणपतरावांनी माझ्या हाताला धरलं. पंचेचाळीस वर्षांत बसमध्ये त्यांनी कधी हात धरला नव्हता. मला वाटलं, गुडघा दुखतो आहे. ते म्हणाले, "शोभे, तुले काय पायजे वं? तुह्यासाठी?" मला ऐकू यावं म्हणून ओरडून विचारलं, त्यामुळे ते सगळ्या बसनं ऐकलं. कंडक्टर वळून पाहू लागला.

मी त्यांना गप्प बसा म्हणाले. पण खरं सांगते, मला काही सुचलं नाही. तुम्हाला मी किती शिकवलं, लोकांना विचारा, घरातल्या बाईला विचारा. मला विचारलं तेव्हा माझी पाटी कोरी. धान, गुडघे, मुलांची शिक्षणं, एवढंच डोक्यात आलं, आणि त्यातलं माझ्यासाठी काहीच नव्हतं. रामटेक येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत बसले. घाबरले होते म्हटलं तरी चालेल. तुम्ही लोकांच्या घरी जाऊन विचारता तेव्हा घाई करू नका. बायांना ते पटकन सुचत नाही, पण त्याचा अर्थ काही नाही असा नसतो.

चार दिवस गेले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, पण रोज सकाळी माझ्याकडे पाहून थांबायचे. काल मला सुचलं.

ते काय आहे हे तुम्हाला लिहीत नाही. ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं.

शोभा